मदत हवी आहे: मस्कोकात डॉकच्या डी-आयसरचे स्थानिक नियम

नमस्कार मंडळी. कॅनडातल्या ऑन्टारिओत मस्कोका भागात तळ्याकाठी आमचं छोटं कॉटेज आहे. बर्फाने डॉकचे (होडी लावायच्या धक्क्याचे) खांब उचलले जातात, म्हणून गेल्या हिवाळ्यात पंख्याचा डी-आयसर पाण्यात सोडला. तळाचं ४ अंशांच्या आसपासचं पाणी तो वर ढकलतो, त्यामुळे डॉकभोवती बर्फ धरत नाही. डॉक वाचला, पण फेब्रुवारीत गेलो तेव्हा पोटात गोळाच आला. मोकळं पाणी बरंच लांब पसरलेलं, कडेच्या पातळ बर्फावर ताजा भुरभुरीत हिम, आणि तिथून जेमतेम दहा पावलांवर स्नोमोबिलचे (बर्फावर चालणाऱ्या गाडीचे) माग!

कॅनडाच्या फौजदारी कायद्याचं कलम २६३ वाचलंय: लोकांच्या वावरातल्या बर्फात भोक पाडलं, तर कुणी पडू नये अशी व्यवस्था करणं आणि इशारा देणं आपल्यावर बंधनकारक आहे. माझा प्रश्न स्थानिक नियमांचा आहे. तुमच्या टाउनशिपमध्ये (स्थानिक पालिकेत) इशाऱ्याच्या दिव्याचा रंग, पाटी, शेजाऱ्याच्या हद्दीपासूनचं अंतर याबद्दल काही ठरलेलं आहे का? टायमर आणि थर्मोस्टॅट लावून मोकळं पाणी डॉकपुरतंच ठेवणं कुणाला जमलंय? रोज किती तास चालवता?

तळं गोठायच्या आत सगळं नीट करायचंय. शेजारची मुलं त्याच बर्फावर खेळतात.