मदत हवी आहे : पार्कच्या बसमध्ये आईसाठी सीट कशी मागावी?

ऑर्लँडोला वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये आहोत, अजून तीन दिवस. रात्रीची आतषबाजी संपली की मॅजिक किंगडम या तिथल्या पार्कहून हॉटेलकडे जाणाऱ्या बसला सगळे एकदमच येतात. सोबत आई (वय 68, गुडघे दुखतात, पण हातात काठी नाही, त्यामुळे बघणाऱ्याला कळत नाही) आणि चार वर्षांची मुलगी. स्ट्रोलर चढण्याआधी मिटावा लागतो. म्हणजे एका खांद्यावर झोपलेली पोर, दुसऱ्या हातात स्ट्रोलर. आईला धरायला हात उरत नाही.

एक बस सोडून पुढचीला रांगेत पुढे राहून पाहिलं. जागा मिळाली, पण तेवढा वेळ आई उभीच. आतषबाजीआधी निघायला मुलगी तयार नाही. व्हीलचेअर घेतली तर रॅम्पवरून आधी चढता येईल, त्याला आई तयार नाही (हट्ट कुणाकडून आला ते कळलंच!).

मला स्वतःला सीट नको, फक्त आईला हवी. बसलेलेही दिवसभर चालून दमलेले असतात, त्यामुळे संकोच वाटतो. अशा वेळी थेट एखाद्या तरुण प्रवाशाला विचारावं की चढतानाच ड्रायव्हरला सांगावं? आणि आईसमोर तिच्या गुडघ्यांचा विषय न काढता नेमकं काय म्हणावं?