दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनीअरिंगला गेलेलं कुणी आहे का?

भांडूपहून लिहितेय. मुलीला दहावीत ८१ टक्के मिळालेत. अकरावी सायन्स आणि वर सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा क्लास, एवढा खर्च आम्हाला झेपणार नाही. म्हणून पॉलिटेक्निकचा विचार आहे. सासरे म्हणतात, पोरगी मागे पडेल. खरंच वर्ष वाया जातं का?

उत्तर: नाही ताई. डिप्लोमाची ३ वर्षं, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि पुढची ३. अकरावी-बारावीवाल्यांचीही सहाच होतात. थेट दुसऱ्या वर्षाला सीईटी लागत नाही, डिप्लोमाच्या गुणांवर मेरिट लागतं. मी याच वाटेने मेकॅनिकल केलं. वर्कशॉपमध्ये कानशीने लोखंडाचा तुकडा घासून काटकोनात आणायचा, काटकोन तपासायचा गुण्या लावला की फटीतून उजेड दिसायचा, पुन्हा घासायचं. तळहाताला फोड आले, पण डिग्रीला मशीन ड्रॉइंग आलं तेव्हा बारावीहून आलेली मुलं मला विचारायला यायची. गणिताने मात्र रडवलं. पहिल्या वर्षाचं गणित शिकलोच नव्हतो आणि समोर एकदम लाप्लास ट्रान्सफॉर्म! डिग्रीच्या प्रवेशाआधीच्या सुट्टीत तिचं इंटिग्रेशन पक्कं करून घ्या.

आणखी एका ताईंचं उत्तर: काँप्युटर हवं असेल तर चुरस फार असते. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी ढिलाई नको. डिप्लोमावर ज्युनिअर इंजिनीअरच्या सरकारी भरतीलाही बसता येतं, हे सासऱ्यांना जरूर सांगा.

भांडूपहून: खूप आभार दादा, ताई. आज जेवणं झाली की सासऱ्यांना हे वाचून दाखवते.