इंग्लंडमधील बेटिंगचे दुकान आणि मोबाईलवरचा बुकी : पैसे लावणाऱ्यासाठी फरक काय?

प्रश्न : कापूसवाला_यवतमाळ

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात कापूस आणि तुरीची शेती करतो. माझा पुतण्या दोन वर्षांपासून इंग्लंडमध्ये लेस्टर शहरी नोकरीला आहे. तिकडे भर बाजारपेठेत, कपड्यांच्या आणि चपलांच्या दुकानांच्या रांगेतच परवाना असलेली बेटिंगची दुकाने आहेत आणि दर शनिवारी तो तेथे फुटबॉलवर पाच पौंड लावतो. आता त्याचे मित्र म्हणतात की दुकान सोड, मोबाईलवर भाव चांगला मिळतो. आपल्याकडे सट्टा म्हटला की पानठेल्यामागची चिठ्ठी आणि पोलिसांची धाड एवढेच ठाऊक, त्यामुळे त्याला काय सांगावे ते मला सुचत नाही. शिवाय आमच्या गावात एक मुलगा व्हॉट्सॲपवर 'लंडनच्या कंपनीची आयडी', म्हणजे सट्टा लावायचे खाते, विकू लागला आहे. पुतण्याच्या मोबाईलवरची कंपनी आणि ही आयडी एकच समजायची का?

उत्तर १ : आर्वीकर

काका, मी मूळचा आर्वीचा. इंग्लंडला शिकत असताना अशाच एका दुकानात मी दोन वर्षे काउंटरवर काम केले, म्हणून सविस्तर लिहितो.

ही दुकाने तिकडे 1 मे 1961 पासून कायदेशीर झाली. त्यापूर्वी गल्लोगल्ली चिठ्ठ्या गोळा करणारी माणसे फिरत, म्हणजे थेट आपल्यासारखेच. दुकानात शिरले की भिंतीवर पडद्यांची रांग दिसते आणि फळीवर कोऱ्या चिठ्ठ्या व बोटाएवढी पेने ठेवलेली असतात. गिऱ्हाईक चिठ्ठी लिहितो आणि रोख पैसे देतो, आम्ही तिच्यावर वेळेची नोंद करून प्रत त्याच्या हाती ठेवतो. जिंकला तर ती प्रत दाखवून तो पैसे घेऊन जातो. नाव-गाव सहसा कोणी विचारत नाही, आणि रात्री दहाला दुकान बंद होते.

या बंद होण्याला मी फार महत्त्व देतो. आठवड्याची मजुरी खिशात घेऊन येणारे एक वयस्कर गृहस्थ मला आठवतात. हरत गेले की ते काउंटरवर नोटा पुन्हा पुन्हा मोजायचे, आणि शेवटची नोट उरली की ती घडी करून आतल्या खिशात ठेवून निघून जायचे. मोबाईलवर नोट मोजावी लागत नाही. रात्री दोन वाजता कोठल्या तरी देशातला टेनिसचा सामना चालूच असतो आणि त्यातल्या पुढच्या गुणावरही पैसे लावता येतात. क्रेडिट कार्डाने पैसे लावण्यावर तिकडे 14 एप्रिल 2020 पासून बंदी आहे, पण बँकेतील स्वतःचे पैसे मात्र बोटाच्या एका स्पर्शाने जातात.

दुकानातही धोका होताच आणि तो बेटिंगपेक्षा कोपऱ्यातल्या जुगाराच्या यंत्रांचा जास्त होता. एका डावाला 100 पौंड लावता येत असत. एप्रिल 2019 मध्ये ती मर्यादा 2 पौंडांवर आणली गेली, तेव्हा कुठे लोकांचे संसार थोडे सावरले असतील, असे मला वाटते.

उत्तर २ : निवृत्त_लेखापाल_अमरावती

आर्वीकरांनी भावाचा मुद्दा सोडला, तो मी मांडतो. आपल्याकडे खेडा खरेदीत व्यापारी दारातून कापूस उचलतो, पैसे लगेच देतो, पण भाव बाजार समितीपेक्षा कमी देतो. दुकानाचे तसेच आहे. जागेचे भाडे, नोकरांचा पगार आणि विजेचे बिल भावातूनच निघते. मोबाईलवर दहा कंपन्यांचे भाव शेजारी-शेजारी पाहता येतात, म्हणून तेथे भाव ताणला जातो.

उदाहरणादाखल, दोन तुल्यबळ टेनिसपटूंपैकी प्रत्येकावर 1.90 भाव आहे, म्हणजे शंभर लावून जिंकल्यास 190 परत, असे धरू. दोघांवर शंभर-शंभर लावले तर 200 गेले आणि 190 आले, म्हणजे बुकीने 5 टक्के ठेवले. तोच भाव 1.95 असेल तर 195 परत येतात आणि कपात अडीच टक्क्यांवर येते. मात्र पुतण्या शनिवारी चार सामने जोडून एकच चिठ्ठी, म्हणजे चारही बरोबर आले तरच पैसे अशी, लावत असेल, तर प्रत्येक सामन्याची 5 टक्के कपात एकमेकींवर चढत जाते आणि शंभरामागे सरासरी साडेअठरा पौंड बुकीकडे राहतात. दुकान की मोबाईल या फरकापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे.

मोबाईलवर तिसरा एक प्रकारही आहे, बेटिंग एक्स्चेंज. तेथे कंपनी स्वतः भाव देत नाही. एक गिऱ्हाईक पैज लावतो, दुसरा ती खातो, म्हणजे उलट बाजू घेतो, आणि कंपनी अडत्याप्रमाणे जिंकणाऱ्याकडून दलाली घेते.

भाव चांगला असला तरी तो सर्वांना कायम मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. ऑनलाइन कंपनीकडे प्रत्येकाच्या प्रत्येक पैजेची नोंद असते, आणि सातत्याने जिंकणाऱ्याचे खाते ती चार-दोन पौंडांपुरते आखडून टाकते. रोखीने खेळणाऱ्या अनोळखी माणसावर अशी पाळत ठेवणे दुकानाला तितके सोपे नसते.

उत्तर ३ : वकील_वणी

गावातील आयडीबद्दल लिहितो. पुतण्याची कंपनी इंग्लंडच्या गॅम्बलिंग कमिशनच्या परवान्याखाली असेल, तर तिने पैसे लावू देण्याआधी वय आणि ओळख तपासणे मे 2019 पासून बंधनकारक आहे. वाद झाला तर तक्रार नेण्यासाठी स्वतंत्र लवाद आहे आणि तिकडच्या 2005 च्या जुगार कायद्यामुळे जिंकलेली रक्कम न्यायालयातूनही मागता येते.

व्हॉट्सॲपवरच्या आयडीला यातले काहीही लागू नाही. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच, शिवाय ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्यात असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. माझ्याकडे आलेल्या एका शेतकऱ्याने सोयाबीनचा चुकारा आला त्याच आठवड्यात तो अशा आयडीत घातला. स्क्रीनवर जिंकलेली रक्कम दिसत होती, पण ती मागितल्यावर आयडी देणाऱ्याचा फोन बंद झाला. त्याच्याकडे पावती नव्हती आणि कंपनीचे नावही त्याला ठाऊक नव्हते. त्या मुलाला गावातल्या चार लोकांसमोर थांबवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कापूसवाला_यवतमाळ

सर्वांचा आभारी आहे. आयडीचा विषय मी आजच पोलीस पाटलांच्या कानावर घालतो. पुतण्याने मोबाईलवरच खेळायचे ठरवले आणि पुढे त्याला आवरले नाही, तर तिकडे काही सोय आहे का?

आर्वीकर

आहे, काका. 'गॅमस्टॉप' नावाची मोफत नोंदणी आहे. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे यांपैकी मुदत निवडली की तिकडच्या परवाना असलेल्या सर्व ऑनलाइन कंपन्यांना त्याला बंदी करावी लागते आणि निवडलेली मुदत संपेपर्यंत ती उठवता येत नाही. दुकानांसाठी मात्र ही नोंदणी चालत नाही. त्यांची योजना वेगळी आहे, तीत तो राहतो त्या भागातील दुकानांना त्याचा फोटो द्यावा लागतो. आमच्या काउंटरमागेही अशा फोटोंची फाईल असे आणि पाळी सुरू झाली की आधी ती चाळावी लागे. त्याला दोन्हीकडे नाव द्यायला सांगा.