दहाचा सांबार (बोलीचे अनुभव)

अकोलेकरीण:
काल संध्याकाळी भाजी घेत होते. शेजारी पाठीला सॅक लावलेली एक पोरगी, बहुतेक नुकतीच शिकायला पुण्यात आलेली. "दादा, दहाचा सांबार द्या न." भाजीवाला म्हणाला, "सांबार पलीकडं, इडलीच्या गाडीवर." मागचे दोघं हसले. ती नुसती जुडीकडे बोट दाखवत राहिली. मी म्हटलं, "कोथिंबीर पाहिजे तिला." मग हळूच विचारलं, "अकोल्याची का वं?" तर म्हणे, "नाही, वाशिम." अशी हसली, काय सांगू.

1997 ला मी इथे आले तेव्हा हॉस्टेलवर "मी येऊन राहिली" (म्हणजे येतेय) म्हटलं की पोरी विचारायच्या, "येऊन कुठे राहिलीस?" पुढची तीन वर्षं प्रत्येक वाक्य बोलायच्या आधी मनात धुऊन घ्यायची. कोथिंबीर कधीपासून म्हणायला लागले तेही आठवत नाही. काल तेच टोचलं.

तुमचंही असं काही असेल तर लिहा.

पांढरा रस्सा:
आमच्या कोल्हापुरात बायका पण "मी येतो, मी जातो" म्हणतात. आज्जी, आई, आत्या, सगळ्या. लग्न होऊन नाशिकला गेले. दुसऱ्याच दिवशी दारातनं सासूबाईंना हाक मारली, "आई, मी देवाला जाऊन येतो." त्या कणकेच्या हातानं बाहेर आल्या, कोण पुरुष आलाय बघायला. आवाज पण जरा दांडगा आहे माझा :) आता लेक "येते" म्हणते, पण आजोळी दोन दिवस राहिली की "येतो" सुरू. कुकर झाला, नंतर येतो.

उगंच आपलं:
लातूर. ठाण्याच्या ऑफिसात पहिला आठवडा. साहेबांचा फोन, "कुठे आहेस?"
"सर, जेवायलो."
"जेवायला काय?"
"जेवायलो सर."
"अरे, जेवायला कुठे गेलायस?"
डबा समोर, हात वरणभातात. "आय ॲम ईटिंग" म्हणालो तेव्हा सुटका झाली.

खोबरेल:
सांबारवडी!!! कुणी आठवण काढली आता

धाकटा दीर:
@उगंच आपलं, 😂😂 माझा लातूरचा रूममेट म्हणायचा "झोपायलो" आणि आम्ही वाट बघायचो हा कधी झोपायला जातोय.

बांधावरून:
ळ ची गंमत बघा. पुस्तकात डोळा. वऱ्हाडात डोया, आमच्या झाडीपट्टीत डोरा, रायगडात डोला. दिवाळीला आमच्याकडं दिवारी. गडचिरोलीहून नागपूरला शिकायला गेलो तर वऱ्हाडी पोट्टे आम्हाला हसायचे. अन् त्यांना कोण हसतं ते वर आलंच आहे.

खाडीकाठ:
तो डोला आमचाच. मी उरणचा, आगरी. चौथीत बाईंनी वर्गासमोर उभं करून "कमळ" वीस वेळा म्हणायला लावलं, वीसही वेळा कमल. पोरं हसत होती. बाई वाईट नव्हत्या, पण अजून कुठं बोलायला उभा राहिलो की आधी ळ असलेले शब्द टाळतो. आणि आता हळदीला सगळ्यांना आमचीच गाणी पाहिजेत!

भरीत पार्टी:
आईचा फोन आला की मी अहिराणीत सुरू होतो, "काय करी राहिनी व माय?" आणि अख्खं ऑफिस टायपिंग थांबवून ऐकतं. 2011 च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी त्यातच) मराठीत धरलेलीच नाही, वेगळी भाषा म्हणून साडेअठरा लाख लोक मोजलेत. म्हणजे आम्ही परप्रांतीय का? 😄

टोकदार पेन्सिल:
सगळं गोड आहे, पण लिहिताना तरी शुद्ध मराठी हवी असं माझं मत.

अकोलेकरीण:
@टोकदार पेन्सिल, लीळाचरित्र, मराठीतला आद्य गद्यग्रंथ, तेराव्या शतकात रिद्धपूरला लिहिलं गेलं. जिल्हा अमरावती. आमच्या मामाच्या गावाजवळ. एवढंच सांगून राहिली.

टोकदार पेन्सिल:
बरं बरं. 🙏

बांगडो:
माका सगळा समाजला नाय, पण वाचूक बरा वाटता. गॅसार माशाचा तिकला हा, मगे लिवतंय.

खाडीकाठ:
@बांगडो, पत्ता टाक, येतो.

पांढरा रस्सा:
@खाडीकाठ, चौथीतलं वाचून पोटात कालवलं हो. आमच्या भाच्यालाही असंच. आले परत, भाजी करपली ती वेगळीच.

खोबरेल:
@अकोलेकरीण, वडीचं विचारत होते. माझी तळताना फुटते. सारणात खसखस, सुकं खोबरं घालते, सांबार दोन जुड्या.

अकोलेकरीण:
@खोबरेल, सांबार ओला राहत असेल. धुऊन फडक्यावर पसरा, पंख्याखाली तासभर. हाताला कोरडा लागला पाहिजे. पारीला मोहन कमी घाला. आणि दोन नाही, चार जुड्या घ्या, शिजून काहीच उरत नाही.