एक मिनिटही न खेळलेल्यांचा विश्वचषक संघ, आणि त्यात रोनाल्डो बाकावर

राखीव गडी

विश्वचषक संपला की ‘स्पर्धेतले सर्वोत्तम अकरा’ सगळेच काढतात. मी बाकावरच्यांचा संघ काढलाय. खेळाडू विश्वचषकाच्या अंतिम संघात निवडलेला हवा आणि त्या स्पर्धेत एक मिनिटही मैदानात उतरलेला नसावा. थोडा वेळ मिळालेलेही बाद, म्हणून २००२ चा ब्राझीलचा काका नाही, १९७४ चा पश्चिम जर्मनीचा नेट्झर नाही. दुसऱ्या अटीवरून भांडणं होणार हे मला ठाऊक आहे: खेळाडू त्या वर्षीच्या जूनमध्ये जेवढा होता तेवढाच मोजायचा. पुढे तो कोण झाला याचे गुण नाहीत.

गोलमध्ये टेर स्टेगन (२०१८). पायाच्या फ्रॅक्चरमुळे जर्मनीचा पहिला गोलकीपर नॉयर याचा जवळपास अख्खा मोसम गेलेला, आणि इकडे टेर स्टेगन बार्सिलोनाकडून ऐन भरात. तरी कोच लोव्हने नॉयरलाच खेळवलं. जर्मनी साखळीतच गारद. कोरियाविरुद्ध शेवटी नॉयर गोल सोडून पार पुढे गेला, चेंडू गमावला आणि सोनने रिकाम्या गोलमध्ये दुसरा मारला, ते आठवत असेलच.

बचावात तिघे: व्हिएर्कोवोद (१९८२), बारेसी (१९८२) आणि पासारेला (१९८६). पासारेलाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण लोक त्याला विसरतात. १९७८ चा अर्जेंटिनाचा विश्वविजेता कर्णधार. १९८५-८६ च्या मोसमात बचावपटू असूनही फिओरेंटिनाकडून इटालियन लीगमध्ये ११ गोल. मेक्सिकोला पोहोचला आणि पोट बिघडलं, वर स्नायूची दुखापत. मॅराडोना आणि कोच बिलार्डोशी बिनसलेलं होतंच. त्याच्या जागी उतरला होसे लुइस ब्राउन, ज्याला त्या वेळी क्लबसुद्धा नव्हता. त्याच ब्राउनने फायनलमध्ये डोक्याने पहिला गोल केला. पुढे त्याचा खांदा निखळला, तर गडी बाहेर गेला नाही. दाताने जर्सीला भोक पाडलं, त्यात बोट अडकवून हात धरून ठेवला आणि खेळत राहिला. अर्जेंटिनाच्या दोन्ही जगज्जेत्या संघांत, १९७८ आणि १९८६ मध्ये, असलेला एकमेव माणूस मात्र पासारेला.

मधली फळी: उजवीकडे जाइर दा कोस्टा (१९६२), डावीकडे पेपे (१९६२), मध्ये साउल (२०१८), मेंगाल्व्हियो (१९६२), लो सेल्सो (२०१८). पुढे कुटिन्यो (१९६२) आणि मान्चिनी (१९९०). कुटिन्यो म्हणजे सांतोसचा, पेलेचा जोडीदार. लिव्हरपूलवाला नव्हे, आधीच सांगून ठेवतो.

बाकावर: कान (१९९४ आणि १९९८), जिंटर (२०१४ आणि २०१८), रोसी (१९८६), रोनाल्डो (ब्राझीलचा, १९९४).

होऊ द्या सुरू.

जागरणवीर

रोनाल्डो बाकावर?? अहो, १९९४ ला ब्राझीलचा कोच पारेराने एकदा बसवला तेवढं पुरे नव्हतं का?

फायनल आपल्याकडे रात्री एकला सुरू झाली होती. १२० मिनिटं शून्य-शून्य. जादा वेळेत पारेराने कोणाला उतरवलं, तर व्हियोलाला. तुम्ही म्हणाल, पोरगा १७ वर्षांचा होता. होता. पण त्याच पोराने १९९३ मध्ये क्रुझेइरोकडून बाहियाविरुद्ध एकाच सामन्यात पाच गोल ठोकले होते. विश्वचषक संपल्यावर पीएसव्हीला गेला आणि पहिल्याच मोसमात डच लीगमध्ये ३० गोल. म्हणजे जूनच्या अलीकडेही होता, पलीकडेही होता, फक्त तुमच्या जूनमध्येच तो नव्हता?

शिट्टी

जागरणवीरांना +१. आणि मुद्दा तिथेच थांबत नाही. धागाकर्त्याने स्वतःचीच अट बचावात मोडलीये.

बारेसी १९८२. बरं. त्या जूनमध्ये बारेसी कोण होता? तोवर इटलीकडून एकही सामना खेळलेला नव्हता. त्याचं पदार्पण झालं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, विश्वचषक जिंकून झाल्यावर. आणि त्याचा मिलान? त्याच मोसमात घसरून दुसऱ्या विभागात गेलेला. हा माणूस संघात येतो तो नंतरच्या बारेसीमुळे, ज्याच्या सहा नंबरच्या जर्सीला मिलानने कायमची निवृत्ती दिली. पुढचे गुण बारेसीला द्यायचे आणि रोनाल्डोला नाही, हा कुठला न्याय?

व्हिएर्कोवोदबद्दल तक्रार नाही. त्या वर्षी फिओरेंटिनाचं विजेतेपद एका गुणाने हुकलं, त्या बचावाचा तो कणा होता. आणि कोलोवातीला ब्राझीलविरुद्ध दुखापत झाली तेव्हा कोच बेआर्झोतने बाकावरून १८ वर्षांच्या बेर्गोमीला उठवलं. यातच व्हिएर्कोवोदची खरी गोष्ट आली.

राखीव गडी

शिट्टी, बारेसी आणि रोनाल्डो एका मापाने मोजता येत नाहीत. बारेसी १९७८ पासून मिलानचा कायमचा स्वीपर (बचावफळीच्या मागचा मोकळा बचावपटू) होता, १९७९ चं विजेतेपद त्याने एकोणिशीच्या आतच मिळवलं होतं. संघ घसरला म्हणून खेळाडू घसरत नाही. पदार्पण झालं नाही कारण त्या जागेवर शिरेआ होता. शिरेआला बसवून कोणाला खेळवणार?

रोनाल्डोला तोवर मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये जेमतेम एक मोसम झाला होता. आणि त्याच्यापुढे रोमारियो होता, त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू.

शिट्टी

शिरेआ होता म्हणून बारेसी थोर, आणि रोमारियो होता म्हणून रोनाल्डो बाकावर. वा!

पेठेतला फुलबॅक

कोल्हापूरहून बोलतोय. आमच्याकडे विश्वचषक आला की पेठेपेठेत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, त्यामुळे या विषयावर बोलायचा आमचा जन्मसिद्ध हक्क आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. अकरातले चार जण १९६२ चे? अहो, तेव्हा बदली खेळाडूच नव्हते! विश्वचषकात बदली खेळाडू उतरवायची मुभा मिळाली १९७० ला, तीही दोनच. १९९८ ला तीन झाले, २०२२ ला पाच. १९६२ ला कोणाचा पाय मोडला तरी दहा जणांनी खेळायचं. तेव्हा ‘एक मिनिटही न खेळणं’ यात विशेष काय? निम्मा संघ तसाच बसून असायचा. त्या पेपेची तुलना २०१८ च्या साउलशी कशी करता? साउलकडे डोळेझाक करायला स्पेनच्या कोचला दर सामन्यात तीन संधी होत्या, आणि त्याने तिन्ही वापरून डोळेझाक केली.

१९७० च्या आधीचे सगळे बाद करा. मग बघू तुमची मधली फळी कुठे उरते ती.

राखीव गडी

फुलबॅकराव, बदली नव्हते हे खरं, पण दर सामन्याला अकरा नव्याने लिहायचे असतात ना. १९६२ मध्ये ब्राझील सहा सामने खेळला आणि वापरले किती खेळाडू? बारा. पेले दुसऱ्या सामन्यात जखमी झाला नसता तर अकरावरच भागलं असतं. त्याच्या जागी आमारिल्डो आला, बाकीचे दहा जण चिलीत नुसते बसून जगज्जेते झाले.

त्या दहांत कोण होते ते बघा. बेलिनी, १९५८ ला ज्याने चषक डोक्यावर उचलला तो कर्णधार. आणि सांतोसच्या त्या गाजलेल्या आघाडीतले तिघे: मेंगाल्व्हियो, कुटिन्यो, पेपे. पाचातला चौथा पेले. हेच लोक चार महिन्यांनी लिस्बनला गेले आणि युरोपच्या विजेत्या बेन्फिकाला त्यांच्याच मैदानावर ५-२ ने हरवून आले. पेलेचे तीन, कुटिन्योचा एक, पेपेचा एक.

पेपे १९५८ लाही संघात होता, तेव्हाही एक मिनिट नाही. दोन्ही वेळा ऐन वेळी दुखापत आणि जागेवर झागालो. सांतोससाठी चारशेहून जास्त गोल, पेलेखालोखाल. दोन विश्वचषक जिंकलेला आणि एकाही विश्वचषक सामन्यात न उतरलेला माणूस माझ्या संघात नसेल तर संघ काढायचाच कशाला?

पेठेतला फुलबॅक

दुखापत होती म्हणता ना? मग तो ‘न वापरलेला’ नाही, ‘वापरता न येणारा’. पासारेलाही त्यात गेला. कुटिन्योचाही तेव्हा गुडघा दुखावलेला होता. झाले तीन कमी.

आणि जाइर दा कोस्टा? त्याचं नाव झालं ते इंटर मिलानमुळे. १९६५ च्या युरोपियन कपच्या फायनलमधला एकमेव गोल त्याचा. पण ते सगळं ‘पुढचं’ ना? उजवा विंगर गॅरिंचाच्या मागे बसला एवढ्यावर कोणी थोर होत नाही. गॅरिंचाच्या मागे मी पण बसलो असतो.

अश्विनी

शेवटच्या वाक्याला हसू आवरेना.

तुमचं कारकीर्द की फॉर्म हे भांडण चालू दे, मला एक वेगळंच वाटतं. असे संघ काढताना आपण गृहीत धरतो की बसवून ठेवलं म्हणजे अन्याय. पण १९९८ चा फ्रान्स, २००२ चा ब्राझील, २००६ चा इटली बघा. या तिन्ही जगज्जेत्यांनी गोलकीपर सोडून सगळेच्या सगळे खेळवले. इटलीला २००६ मध्ये बारा नव्हे, एकवीस जण लागले.

याचंच टोक म्हणजे २०१४ चा हॉलंड. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात अगदी शेवटी तिसरा गोलकीपर फोर्मला उतरवून व्हान गालने २३ च्या २३ खेळवले, तसं करणारा तो पहिला संघ. २०२२ ला ब्राझीलच्या तितेने कोरियाविरुद्ध ४-१ अशी आघाडी असताना गोलकीपर बदलून वेव्हर्टनला आणलं आणि २६ पूर्ण केले. लोकांना ते फार गोड वाटलं. मला नाही वाटलं. पुढच्याच सामन्यात क्रोएशियाने पेनल्टीवर घरी पाठवलं.

जागरणवीर

अश्विनीताई, वेव्हर्टन दहा मिनिटं उभा राहिला म्हणून ब्राझील हरला? काहीच्या काही!

अश्विनी

असं कुठे म्हटलं मी? म्हणणं इतकंच की सगळ्यांना हजेरी लावायला देणं हा चांगुलपणा आहे, डावपेच नव्हे. २०१४ च्या जर्मनीने ड्युर्म, जिंटर आणि ग्रोसक्रॉइट्झ या तिघांना एक मिनिट दिलं नाही आणि चषक नेला. २०१८ च्या फ्रान्समध्ये रामी आणि आरेओला तसेच. रामीचं काम काय होतं, तर सामन्याआधी ग्रीझमनने त्याच्या मिशा चोळायच्या, शुभशकुन म्हणून. पदक त्यालाही तेच मिळालं.

पूर्वी तेही मिळत नव्हतं. १९७४ पर्यंत पदक फक्त फायनलला मैदानावर असलेल्या अकरांना. १९६६ चे इंग्लंडचे आर्मफील्ड, हंटर, बोनेटी, सगळे रिकाम्या हाताने घरी गेले. फिफाने २००७ ला निर्णय बदलला आणि २००९ मध्ये, ४३ वर्षांनी, डाउनिंग स्ट्रीटवर त्यांना पदकं दिली गेली. अन्यायच शोधायचा असेल तर तो इथे आहे.

चहाटळ

पदकाचा विषय निघालाय तर कालिनिच विसरू नका. २०१८, क्रोएशिया-नायजेरिया, पाच मिनिटं उरलेली. कोच म्हणतो उतर, हा म्हणतो पाठ दुखते. कोचने घरी धाडला. संघ फायनलला गेला, रौप्यपदक देऊ केलं तर म्हणाला नको, मी खेळलोच नाही. या धाग्याच्या नियमात शंभर टक्के बसतो!

आणि अर्जेंटिनाचा कॅनिजिया, २००२. स्वीडनविरुद्ध बाकावर बसून पंचांना शिव्या घातल्या आणि लाल कार्ड खाल्लं. एक मिनिट न खेळता स्पर्धेतून हकालपट्टी. माझ्या संघाचा कर्णधार हाच.

ऑफसाइड

कोणीच वॉलकॉटचं नाव घेत नाही? २००६. आर्सेनलच्या पहिल्या संघाकडून एकही सामना न खेळलेला १७ वर्षांचा पोरगा इंग्लंडचा कोच एरिक्सनने जर्मनीला नेला. चारच आघाडीवीर, त्यात रूनी दुखापतीतून नुकता उठलेला. ओवेन स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला गुडघा धरून आडवा. रूनीला पोर्तुगालविरुद्ध लाल कार्ड. तरीही वॉलकॉट बाकावरच! मग नेलाच कशाला? घरी बसलेल्या डिफोचं काय चुकलं होतं?

१७ वर्षांचे दोघे, रोनाल्डो आणि वॉलकॉट. धागाकर्त्याची अट याच दोघांत फरक करते का, ते सांगा.

राखीव गडी

करते. एकाने मोठ्यांच्या लीगमध्ये गोल केले होते, दुसऱ्याने प्रीमियर लीगचं गवतही पाहिलं नव्हतं. म्हणून एक माझ्या बाकावर आहे आणि दुसरा विमानातही नाही.

दुखापतीबद्दल: कुटिन्यो खेळू शकला असता की नाही यावर वाद घालता येईल, म्हणून त्याला काढणार नाही. मान्चिनीला तर काहीच झालं नव्हतं. १९९० च्या मे महिन्यात सांपदोरियाने कप विनर्स कप जिंकला, मान्चिनी-व्हियाल्ली ही इटलीतली गाजलेली जोडी. मग स्किलाची गोल करत सुटला आणि मान्चिनी मायदेशातल्या विश्वचषकात बाकावरून उठलाच नाही. एकाही विश्वचषक सामन्यात तो खेळला नाही, पुढेही नाही.

लो सेल्सोवर कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. २०१८ ला अर्जेंटिनाची मधली फळी क्रोएशियाने ३-० ने फाडली तरी साम्पाओलीने त्याला हात लावला नाही. चार वर्षांनी स्कालोनीच्या संघात त्याची जागा पक्की, तर स्पर्धेच्या तोंडावर दुखापत. विश्वविजेत्या संघातूनही बाहेर.

शिट्टी

बघा, परत ‘चार वर्षांनी’. जूनच्या बाहेर जाऊ नका म्हणून आम्हाला दम देता आणि स्वतः कतारपर्यंत जाऊन येता.

आता माझा एकच बदल. पाठीमागे तिघे ठेवू नका, चार करा, आणि डावीकडे निल्टन सांतोस, १९५०. ब्राझीलच्या संघात होता, एकही सामना मिळाला नाही. शेवटच्या सामन्यात उरुग्वेच्या घिज्जियाने बिगोदेला दोनदा चकवलं, एकदा चेंडू दिला आणि एकदा स्वतः मारला, आणि माराकानात उरुग्वे जगज्जेता झाला. ज्या बाजूने ब्राझील फुटला त्याच बाजूचा ब्राझीलचा सर्वकाळचा सर्वोत्तम बॅक बाहेर बसलेला. पुढे १९५८ आणि १९६२ दोन्ही जिंकला म्हणून नाही म्हणत मी, त्या एका दुपारसाठी म्हणतो.

पेठेतला फुलबॅक

निल्टन सांतोसला माझं अनुमोदन, बदली नव्हते तरी. तो फुलबॅक होता.

राखीव गडी

चार ठेवायचे तर एकाला काढावं लागेल. जाइर काढतो, गॅरिंचाच्या मागे फुलबॅकराव बसतील.

रोनाल्डो मात्र बाकावरच.

जागरणवीर

मग जादा वेळेत तरी उतरवाल की परत व्हियोलाच?