रबर, लॅटेक्स आणि दातखीळ: ऐंशीच्या दशकातल्या प्राणी-भयपटांचे तुमचे अनुभव

मंडळी, हा धागा फक्त प्राण्यांचा. भुतं, चेटकिणी, मुखवटा घालून सुरा चालवणारे खुनी यांच्यासाठी वेगळा धागा काढू. इथे हवा तो हाडामांसाचा, लाळ गाळणारा, चावणारा जीव, आणि तोही ऐंशीच्या दशकातला. म्हणजे संगणकावर प्राणी तयार करून नंतर दृश्यात बसवायची सोय नव्हती तेव्हाचा.

त्या काळात राक्षस खरोखर कॅमेऱ्यासमोर असायचा. कुणीतरी तो आधी मातीत घडवायचं, साचा काढून फोम लॅटेक्समध्ये, म्हणजे स्पंजासारख्या मऊ रबरात, उतरवायचं, आणि शॉटच्या वेळी सेटच्या फळ्यांखाली दाटीवाटीने आडवी झालेली माणसं केबल ओढून त्याचे ओठ, डोळे हलवायची. नटाला घाबरायला समोर काहीतरी असायचं. ती भीती आजही पडद्यातून बाहेर येते ती त्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात मी करतो. 'द थिंग', १९८२, दिग्दर्शक जॉन कारपेंटर. अंटार्क्टिकावरचं अमेरिकन संशोधन केंद्र, चहूकडे बर्फ, आत बारा पुरुष. आणि एक परग्रहावरचा जीव, जो ज्याला गिळतो त्याचं हुबेहूब रूप घेतो. लोकांना त्यातलं छाती उघडण्याचं दृश्य आठवतं, आणि ते आठवावं असंच आहे: हृदय बंद पडलेल्या माणसाला शॉक देताना त्याची छाती जबड्यासारखी उघडते आणि डॉक्टरचे दोन्ही हात तोडून टाकते. त्या एका क्षणासाठी दोन्ही हात नसलेल्या माणसाला नकली हात लावून उभं केलं होतं.

पण मला विचाराल तर सिनेमातला सर्वांत भयंकर शॉट कुत्र्याचा आहे. रक्त नाही, लॅटेक्स नाही. नॉर्वेच्या तळावरून पळून आलेला तो कुत्रा रिकाम्या बोळातून चालत येतो. शेपूट हलवत नाही, काही हुंगत नाही. एका दाराशी थांबतो, आत बघतो, पुढे जातो. दुसऱ्या दारातून आत शिरतो आणि भिंतीवरची माणसाची सावली मान वळवते. बस्स. कुत्रा पाळलेल्या कुणालाही कळेल की कुत्रा असा चालत नाही. जेड नावाचा तो अर्धा लांडगा होता आणि त्याच्याइतका संयत अभिनय त्या वर्षी फार कमी माणसांनी केला असेल.

राक्षस घडवणारा रॉब बॉटिन तेव्हा जेमतेम बाविशीचा. अहोरात्र काम करून शेवटी तो रुग्णालयात दाखल झाला. कुत्र्यांच्या पिंजऱ्यातला प्राणी तेवढा स्टॅन विन्स्टन या दुसऱ्या राक्षस-कारागिराने करून दिला, आणि सगळं श्रेय बॉटिनला मिळावं म्हणून स्वतःचं नाव श्रेयनामावलीत फक्त आभारापुरतं ठेवलं. सिनेमा मात्र पडला. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा गोड परग्रहवासी 'ई.टी.' आला होता. त्या उन्हाळ्यात अमेरिकेला हा दुसरा पाहुणा नकोच होता. समीक्षकांनीही झोडपलं. पुढे व्हिडिओ कॅसेटवर लोकांनी तो उचलून धरला.

आता तुम्ही सांगा. कुठला प्राणी, कुठे पाहिलात, आणि नेमकं कुठलं दृश्य. 'भारी होता' एवढ्यावर भागवू नका!

पागोळी

आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे, त्यामुळे मी हे सिनेमे जरा वेगळ्या डोळ्याने बघतो. आमच्याकडेही आधी मातीची मूळ मूर्ती, मग तिच्यावर रबराचा साचा, बाहेरून प्लास्टरचं कवच. साच्याचा जोड कुठे येतो आणि तो कसा घासून लपवायचा, यात हयात जाते.

म्हणून 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' (१९८१) मधलं माणसाचा लांडगा होण्याचं दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उठून टीव्हीच्या जवळ जाऊन बसलो. तोवरच्या सिनेमांत असलं काही दाखवायचं तर अंधार, धूर, सावल्या. इथे घरातली लख्ख दिव्यांची खोली! आडोसा कसलाच नाही. फिनिशिंग कच्चं असेल तर अशा उजेडात ते लगेच उघडं पडतं. मेकअप करणाऱ्या रिक बेकरने ते छातीठोकपणे उजेडात ठेवलं.

तो पोरगा ओरडतो, आपला हात डोळ्यांसमोर धरतो आणि तळहात लांबत जातो. कट नाही. कातडी ताणते, बोटांच्या मुळाशी हाडं वर येतात. खरा हात नाही हे माहीत असूनही माझं मनगट दुखलं. पाठीचा कणा कातडीखालून उठतो, मग तोंड पुढे येतं. केस उगवण्याचा शॉट तर उलटा घेतलेला: नकली कातडीत रोवलेले केस मागून आत ओढले आणि फिल्म उलटी चालवली. किती सोपं, आणि किती नेमकं.

ऑस्करमध्ये मेकअपसाठी दरवर्षीचं स्वतंत्र पारितोषिक सुरू झालं आणि पहिलं याच कामाला मिळालं. बेकरने पुढे अशी एकूण ७ मिळवली. आमच्या कारखान्यात श्रावणात रात्रभर काम चालतं, तेव्हा पोरांना मी हे दृश्य मोबाइलवर दाखवतो. डोळ्यांची आखणी करणारा आमचा जुना कारागीर म्हणाला, "डोळे त्याने माणसाचेच ठेवलेत, म्हणून वाईट वाटतं."

सांजवात

पागोळी, तुमच्या कारागिराला नमस्कार सांगा. मी लंडनला राहते आणि कामावरून परतताना टॉटनहॅम कोर्ट रोडला गाडी बदलते. त्याच सिनेमात रात्री याच भुयारी स्टेशनात एक सूटबूटवाला माणूस एकटाच असतो, मागून गुरगुर ऐकू येते, तो पळतो आणि सरकत्या जिन्यावर पडतो. कॅमेरा वर आहे, तो खाली जिन्यावर, आणि अगदी तळाशी लांडगा कोपऱ्यातून येताना दिसतो, इवलासा. जवळून दाखवतच नाहीत. स्टेशन आता पुष्कळ बदललंय, तरी शेवटच्या गाडीच्या वेळी मी कानातली गाणी बंद करते.

रानजाई

नागपूर. नोकरीने नर्स. माझा सिनेमा 'द फ्लाय', १९८६, डेव्हिड क्रोनेनबर्ग.

गोष्ट सगळ्यांना माहीत असेल. शास्त्रज्ञ स्वतःवर प्रयोग करतो, यंत्रात त्याच्यासोबत एक माशी असते, आणि दोघांची जनुकं एक होतात. १९५८ च्या जुन्या सिनेमात माणसाला एकदम माशीचं डोकं येतं. इथे तसं होत नाही. इथे आजार येतो. आधी अंगात भलतीच ताकद, उत्साह, मग पाठीवर राठ केस, मग नखं निघून येणं, चेहऱ्यावर फोड, दात पडणं. शास्त्रज्ञ झालेल्या जेफ गोल्डब्लमला शेवटच्या टप्प्यांच्या मेकअपला तासन् तास बसावं लागे. ख्रिस वॉलस आणि स्टीफन ड्युपुई यांना त्याबद्दल ऑस्कर मिळालं.

मी हा पाहिला तो केबलवर, रात्रपाळी नसलेल्या एका रात्री. बाबा तेव्हा आतल्या खोलीत झोपलेले असायचे. आजार लांबलेला होता. सिनेमात एक जागा आहे: त्याचा कान गळून हातात येतो. तो घाबरून प्रेयसीकडे बघतो, म्हणतो मदत कर. आणि ती, म्हणजे जीना डेव्हिस, त्याला कवटाळते. त्या गळणाऱ्या, ओघळणाऱ्या अंगाला, गालाला गाल लावून. तिला किळस येत नाही असं नाही, ती चेहऱ्यावर दिसते. तरी ती सोडत नाही.

वॉर्डात मी हे खूपदा पाहिलंय. जखमेचा वास असतो, नातेवाईक दाराशी अडखळतात, आणि मग कुणी एक जण पुढे होऊन हात धरतो. भयपटाने ते इतकं खरं दाखवावं, याचं मला आजही नवल वाटतं. तो माणूस आपले पडलेले दात, कान औषधांच्या कपाटात मांडून ठेवतो आणि त्याला संग्रहालय म्हणतो, तेव्हा लोक हसतात असं ऐकलंय. मला रडू आलं होतं. माझे एक रुग्ण आपल्या सगळ्या केसपेपरची अशीच नीट चळत लावत.

मेल ब्रूक्सच्या कंपनीने हा सिनेमा काढला. तो विनोदी सिनेमांसाठी प्रसिद्ध, म्हणून लोकांचा गैरसमज होऊ नये यासाठी त्याने स्वतःचं नावच लावलं नाही. किती शहाणपणा!

धागालेखक

रानजाई, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल रात्री 'द फ्लाय' पुन्हा लावला. ती मिठी मी आजवर नुसती पाहिली होती. शिवाय हॉवर्ड शोअरचं संगीत. ऑपेराच्या तोलाचं आहे ते. पुढच्यांनो, येऊ द्या.

चिंचबन

रामसे बंधूंच्या सिनेमातला राक्षस सामरी चालेल का? प्राणी म्हणावा की सैतान, यावर मतभेद होतील, पण 'पुराना मंदिर' (१९८४) शिवाय आमच्या पिढीची यादी पुरी होत नाही. आमच्या चाळीत गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचे आणि रात्रभर कॅसेटी चालायच्या. मध्यरात्रीनंतरची जागा रामसेंच्या सिनेमाला राखीव. अनिरुद्ध अगरवालचा तो लांबट चेहरा, लाल डोळे, आणि मागून निळा-हिरवा प्रकाश!

हॉलिवूडकडे होता तो पैसा रामसेंकडे कुठून येणार. वडिलांचं मूळचं रेडिओचं दुकान, सात भाऊ. एक कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक संकलनाला, एक लेखनाला, दोघे दिग्दर्शनाला. घरच्या घरी सिनेमा. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला जाऊन चित्रित केला. राक्षस कमी वेळ दाखवून धूर आणि दाराची करकर जास्त वापरायची, ही युक्ती बजेटमधून आली असेल, पण ती अचूक लागू पडायची. बॉटिनचं कौतुक करताना त्या भावांचंही करा.

धागालेखक

चालेल म्हणजे काय, पळेल! साचा, रंग आणि नटाचं अंग, एवढ्यावर उभा राहिलेला राक्षस या धाग्यात हक्काने येणार.

मेंदीचा_हात

'एलियन्स', १९८६, जेम्स कॅमेरॉन. मी आईबरोबर पाहिला. तिला इंग्रजी फारसं कळत नव्हतं आणि या सिनेमात कळायची गरजही पडली नाही.

नायिका रिप्ली एका लहान पोरीला कडेवर घेऊन परग्रहावरच्या जीवांच्या अंड्यांच्या खोलीत शिरते. समोर त्या जीवांची राणी, मागे तिची ती अंड्यांची भलीमोठी पिशवी लटकलेली, आणि एकेक अंडं खाली येतंय. रिप्ली अंड्यांच्या दिशेने आगीचा एक फवारा हवेत सोडून दाखवते. राणी मान हलवते आणि तिचे सैनिक मागे सरकतात. एक शब्द नाही. आई म्हणाली, "अगं, ही पण आई आणि ती पण आई." कॅमेरॉनचा अख्खा सिनेमा तिने एका वाक्यात सांगितला.

ती राणी सुमारे १४ फूट उंच होती. हे जमेल का, हे बघायला स्टॅन विन्स्टनच्या लोकांनी आधी कार्यशाळेच्या आवारात एक ढाचा केला, दोन माणसं आत बसवली, वरून कचऱ्याच्या काळ्या पिशव्या गुंडाळल्या आणि क्रेनला टांगून हलवून पाहिलं. खऱ्या राणीतही दोन माणसं आत होती; बाकी हायड्रॉलिक्स आणि केबल. शेवटच्या मारामारीत रिप्ली ज्या पिवळ्या यंत्रात शिरते, त्यामागेही एक दणकट माणूस लपून ते वजन पेलत होता. सिगर्नी वीव्हरला रिप्लीच्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. भयपटाच्या नायिकेला हा मान क्वचितच मिळतो.

उंबरठा

'प्रिडेटर', १९८७. राक्षसाच्या पोशाखात आत नट केव्हिन पीटर हॉल, उंची ७ फूट २ इंच. शेवटी हेलिकॉप्टर चालवणारा वैमानिकही तोच, मुखवट्याशिवाय. पुन्हा पाहाल तेव्हा त्याला ओळख द्या, एवढंच सांगायला आलो.

अर्धविराम

मी मुंबईत व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमाच्या दृश्य-करामतींच्या कामात, आहे, प्राणीच करतो, संगणकावर. आमच्या टीममध्ये या जुन्या सिनेमांबद्दल नितांत आदर आहे. ओलं कातडं प्रकाशात कसं चमकतं, जड डोकं वळताना मान कशी मागे राहते, हे बघायला आम्ही 'द थिंग' फ्रेम-फ्रेमने बघतो. मेयॉनीज, जॅम, च्युइंगम असलं काहीबाही कालवून बॉटिनने जो ओलेपणा आणला, तो शेडरमध्ये (कातडीची चमक ठरवणाऱ्या संगणकाच्या प्रोग्राममध्ये) आणताना आमची रात्र जाते.

मला सर्वांत लागतो तो २०११ चा किस्सा. 'द थिंग' च्या आधीची गोष्ट सांगणारा नवा सिनेमा आला. ॲलेक गिलिस आणि टॉम वुड्रफ धाकटा, दोघेही 'एलियन्स' च्या वेळी विन्स्टनकडे असलेले. त्यांच्या कंपनीने नव्या सिनेमासाठी खरे, हलणारे प्राणी घडवले. चित्रीकरण झालं, आणि नंतर त्यातल्या बहुतेकांवर संगणकाचे प्राणी चढवले गेले. पुढे त्यांनी मूळ प्राण्यांच्या चाचण्यांचे व्हिडिओ खुले केले. ते बघा. दोन डोकी एकमेकांत वितळतायत आणि ती वस्तू खोलीत आहे, तिची सावली टेबलावर पडतेय. मी ज्या बाजूला काम करतो त्या बाजूनेच ते झाकलं, म्हणून सांगताना त्रास होतो. मग त्यांनी लोकांकडून पैसे गोळा करून 'हार्बिंजर डाउन' (२०१५) काढला, प्राणी पुन्हा खरेखुरे. कथा साधारण आहे, तरी मी तो मोठ्या प्रेमाने पाहिला.

पाऊलवाट

सगळे अनुभव वाचले. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि तिला हे सिनेमे बघायचेत. कुठून सुरुवात करू? 'द थिंग' एकदम दाखवायची हिंमत होत नाही.

धागालेखक

पाऊलवाट, 'ग्रेमलिन्स' (१९८४) पासून करा. ख्रिस वॉलसचेच प्राणी आहेत. म्हणजे 'द फ्लाय' घडवणाऱ्या हातांची ओळख आधीच होईल. त्यातला छोटा प्राणी गिझमो इतका गोड आहे की मुलगी लगेच रुळेल. स्वयंपाकघरात आई मिक्सर, सुरी आणि मायक्रोवेव्ह घेऊन एकटी लढते ते दृश्य मात्र शेजारी बसून बघा; अशाच दृश्यांवरून पालक चिडले आणि त्याच वर्षी अमेरिकेत पीजी-१३ (तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांना सावध करणारी) ही नवी वर्गवारी आली. ते पचलं तर वर्षभराने 'एलियन्स'. वेअरवुल्फ आणि 'द फ्लाय' अठरानंतर. 'द थिंग' सर्वांत शेवटी, खोलीतले दिवे बंद करून, आणि घरात कुत्रा असेल तर त्यालाही बरोबर बसवून.