बुलेटचा ब्लॉक उतरवून 'पिकअप दुप्पट'? कशाला लोकांना गंडवता

कास्टआयर्न_ठाणे: काल एकाने लिहिलं, जुन्या ३५० चा ब्लॉक (सिलिंडर) खालून लेथवर २ मिली, म्हणजे मिलिमीटर, तासून उतरवा, कॉम्प्रेशन वाढतं, पिकअप दुप्पट. डोकंच फिरलं. अहो हिशोब करा की. ७० बोअर, ९० स्ट्रोक, ३४६ सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, ७.२५ धरला तर पिस्टन वर आल्यावर जागा उरते ५५ सीसी. २ मिली गेले की साधारण पावणेआठ सीसी कमी, रेशो सव्वाआठ. पुस्तकी हिशोबानेही फायदा ४ टक्क्यांच्या आसपास. आणि लोखंडी ब्लॉक, घोडबंदरचं ट्रॅफिक, मे महिना. नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून ठोके पडणं) सुरू झालं की पिस्टनला भोक पडेपर्यंत कळत नाही लोकांना.

नेरूळ_क्लासिक: ती पोस्ट माझीच. तुमचे ४ टक्के कागदावर ठेवा. माझी गाडी पाम बीचवर आधी ओढायचीच नाही, आता ओढते. जुना रेशो त्या काळच्या हलक्या पेट्रोलसाठी होता, आज पंपावर ९५ ऑक्टेन मिळतंय, जितकं ऑक्टेन जास्त तितकं नॉकिंग कमी.

कोपरीकर: ९५ कशामुळे? इथेनॉलमुळे! ई२० ने (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) माझ्या जुन्या गाडीच्या पेट्रोल कॉकचं बुच सुजलं, कार्बोरेटरची रबरं गेली, पावसाळ्यात टाकीच्या तळाला पाणी. २००० साली शिशाचं पेट्रोल गेलं तेव्हाही जुन्या गाडीवाल्यांना कोणी विचारलं नव्हतं. रेशो कसला घेऊन बसलात!

नेरूळ_क्लासिक: विषय रेशोचा आहे, सरकारचा नाही.

कोपरीकर: विषय पेट्रोलचाच आहे, समजून घ्यायचं नसेल तर राहू दे.

कास्टआयर्न_ठाणे: कोपरीकर बरोबर बोलतायत, फक्त अर्धंच. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) तोच ठेवला तर मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, मग ऑक्टेन वाढलं ते गेलं कुठे? जेट एक नंबर मोठा केला का? टायमिंग मागे घेतलं का, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडली का? व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय का ते मऊ माती ठेवून बघितलं का? ब्लॉक खाली आला म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे पुशरॉडही परत सेट करायला लागतात. यातलं एक अक्षर पोस्टमध्ये नाही, आणि उद्या एखादा पोरगा वागळे इस्टेटला लेथवाल्याकडे जाऊन नुसतं '२ मिली उतरव' म्हणणार.

नेरूळ_क्लासिक: केलंय सगळं. माझ्या मेकॅनिकने पॉइंट मागे घेतला, म्हणजे टायमिंगच, नाहीतर किक उलटी मारत होती. जेट आणि टायमिंगचं तुमचं खरं, तेवढं देतो. पण 'गंडवता' शब्द मागे घ्या.

कास्टआयर्न_ठाणे: 'दुप्पट' काढा, मी 'गंडवता' काढतो. आणि सिरिंजने ऑइल भरून हेडची जागा मोजा, सीसी इथे टाका.

कोपरीकर: बुचाऐवजी कुठलं वॉशर टिकतं ते कोणी सांगेल का?